खेळ मध्येच सोडण्याचा हक्क

३० एप्रिल २०२१ रोजी प्लेस्टेशन ५ वर 'रिटर्नल' हा खेळ आला. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या हाउसमार्क या स्टुडिओनं तो बनवला होता. सेलीन नावाची अंतराळवीर परक्या ग्रहावर कोसळते. तिथं ती मेली की यानाच्या त्याच अवशेषांपाशी पुन्हा जागी होते, आणि तोवर ग्रहाची रचना बदललेली असते. खेळ देखणा होता, अवघड होता आणि गाजलाही. पण खेळणाऱ्यांचं बोलणं लवकरच अवघडपणावरून एका साध्या गोष्टीवर आलं. एक फेरी दोन तास, कधी त्याहून जास्त चालायची आणि मध्ये सेव्ह करायची सोयच नव्हती. उठायचं असेल तर कन्सोल 'रेस्ट मोड'मध्ये ठेवून जायचं. तेवढ्यात घरातल्या कुणी दुसरा खेळ लावला, कन्सोलनं अपडेटसाठी स्वतःला रीस्टार्ट केलं किंवा वीज गेली, तर ती फेरी संपलीच. त्यातच मे महिन्यातल्या एका अपडेटनं काहींचे सेव्ह बिघडवले आणि ते अपडेट मागे घ्यावं लागलं.

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या तक्रारींत सेव्हची तक्रार फार जुनी आहे. तिचं रूप यंत्रागणिक बदलत आलं. कधी दोष यंत्राचा होता, कधी प्रोग्रामचा, तर कधी बनवणाऱ्यांनी जाणूनबुजून घेतलेल्या निर्णयाचा. हे तीन प्रकार वेगळे करून पाहिले, तर कुठला राग रास्त आहे हेही कळतं.

दोन मागण्या, एक बटण

सेव्हच्या एका बटणाकडे खेळणारा दोन वेगळ्या गोष्टी मागत असतो. पहिली अशी: मला आता उठायचं आहे, उद्या इथूनच पुढे खेळेन. दुसरी अशी: माझं चुकलं, मला मागे जाऊन पुन्हा खेळू द्या. पहिली मागणी खेळाबाहेरच्या आयुष्यातून येते. बाळ उठलेलं असतं, दारात पाहुणे असतात, रात्रपाळीची वेळ झालेली असते. दुसरी मागणी खेळाच्या आतली आहे, आणि ती नाकारण्याचा बनवणाऱ्याला पूर्ण अधिकार आहे. बुद्धिबळात हलवलेलं मोहरं परत घेता येत नाही, पण डाव दुसऱ्या दिवसावर नेता येतो. जुन्या स्पर्धांत अर्धवट राहिलेल्या डावाची पुढची चाल लिहून पाकिटात बंद करून ठेवत.

खेळणाऱ्यांचा सगळ्यात मोठा संताप होतो तो या दोन मागण्यांची गल्लत झाली की. मागे जाऊ द्यायचं नाही म्हणून खेळ उठूही देत नाही. खरं तर यावरचा तोडगा फार पूर्वी सापडलेला आहे. १९८७ च्या 'नेटहॅक' या खेळात मेलेला माणूस परत येत नाही, पण हवं तेव्हा सेव्ह करून बाहेर पडता येतं. पुन्हा सुरू करताना खेळ ती सेव्हची फाइल वाचतो आणि लगेच पुसून टाकतो. त्यामुळे तुम्ही जिथून उठलात तिथं परत बसता, पण एकदाच. 'रिटर्नल'ला ऑक्टोबर २०२१ च्या अपडेटमध्ये जी सोय मिळाली, ती नेमकी हीच: फेरी स्थगित करा, परत या, आणि परत आलात की ती नोंद नाहीशी होते. मोठ्या लढतीच्या मध्यावर ती वापरता येत नाही, आणि ते ठीकच आहे. एवढी सोय दिल्यानं खेळाचा अवघडपणा कणभरही कमी झाला नाही.

नाण्यांचे खेळ आणि भाड्याच्या कॅसेट

'स्पेस इन्व्हेडर्स' १९७८ चा, 'पॅक-मॅन' १९८० चा. हे खेळ दुकानांत ठेवलेल्या यंत्रांवर नाणं टाकून खेळायचे. डाव काही मिनिटांत संपावा आणि पुढचं नाणं पडावं, यावर धंदा उभा होता. तिथं सेव्हचा प्रश्नच नव्हता, फार तर हाय स्कोअरच्या यादीत नाव लागायचं.

१९८३ मध्ये निन्टेन्डोनं जपानमध्ये फॅमिकॉम हे घरगुती यंत्र काढलं, तेव्हा खेळांचा तोच साचा घरात आला. खेळ ज्या चिपवर असायचा ती कारखान्यात भरलेली असायची. ती वाचता यायची, तिच्यावर लिहिता यायचं नाही. यंत्राची स्वतःची कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट, तीही वीज बंद होताच रिकामी. त्यामुळे १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चे ३२ टप्पे एका बैठकीत खेळावे लागत. सगळे जीव गेल्यावर ए बटण दाबून धरून स्टार्ट दाबलं, तर त्याच जगाच्या पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करता यायची. पण ही युक्ती खेळात कुठं सांगितलेलीच नव्हती, त्यामुळे कित्येक मुलं दर वेळी पहिल्यापासून खेळत राहिली.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घरांत टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम आले, ते बहुतांशी या फॅमिकॉमच्या नकला होते. कार्ट्रिजला आपल्याकडे सरसकट कॅसेट म्हणत. सुट्टीत त्या भाड्यानं मिळत आणि मित्रांत अदलाबदलीनं फिरत. त्यांत 'मारिओ' असायचा, 'कॉन्ट्रा' असायचा, आणि सेव्ह कशातच नसायचा. दुपारी आई टीव्ही बंद करायला लावायची तेव्हा पुढे गेलेला डाव वाचवायचा एकच मार्ग होता: खेळ पॉज करून टीव्ही तेवढा बंद करायचा आणि यंत्र चालूच ठेवायचं. अडाप्टर तापायचा. कुणी येऊन भिंतीवरचं बटण बंद केलं की जेवणानंतर पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरुवात. 'कॉन्ट्रा'तली तीस जीव देणारी बटणांची क्रमवारी मुलं एकमेकांना शिकवत, कारण सेव्ह नसलेल्या खेळात टिकून राहायचा तेवढाच आधार होता.

बावन्न अक्षरांचा मंत्र

खेळ लांबू लागले तशी ही अडचण असह्य झाली. मे १९८६ मध्ये जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' आला. अनेक दिवस चालणारी ती साहसकथा होती, एका बैठकीत संपणं शक्यच नव्हतं. कॅसेटवर लिहायला जागा नाही, म्हणून लिहायचं काम खेळणाऱ्याच्या वहीकडे आलं. खेळातला राजा तुम्हाला हिरागाना लिपीतला वीस अक्षरांचा 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' सांगायचा. तो उतरवून घ्यायचा आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा भरायचा. तुमचं नाव, अनुभव, सोनं, शस्त्रं हे सगळं आकड्यांत बसवून ती अक्षरं तयार होत. म्हणजे प्रगती त्या वहीच्या पानावरच असायची. यंत्राला तुमची काहीही आठवण नसायची.

१९८७ च्या दुसऱ्या भागात पात्रं तीन झाली आणि मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. हिरागानातली काही अक्षरं एकमेकांसारखी दिसतात, काहींच्या खांद्यावर बारीक टिंबं असतात, आणि त्या काळचे टीव्ही धूसर. एक अक्षर चुकलं तरी सगळा मंत्र नाकारला जायचा, कारण खरेपणा तपासणारा एक आकडा त्या अक्षरांतच गुंफलेला असे. कुठलं अक्षर चुकलं ते मात्र कळत नसे.

'मेट्रॉइड'ची अमेरिकेतली आवृत्तीही अशीच होती. २४ अक्षरांचा पासवर्ड, प्रत्येक अक्षरात ६ बिट, एकूण १४४ बिट. त्यात कुठलं शस्त्र मिळालं, कुठला दरवाजा उघडला हे मावायचं, पण किती ताकद शिल्लक होती ते नाही. त्यामुळे पासवर्ड बरोबर भरूनही खेळ ३० च्या ताकदीवर सुरू व्हायचा आणि पहिला बराच वेळ किरकोळ किडे मारून ती भरून काढण्यात जायचा. प्रगती परत मिळायची, पण अर्धीमुर्धी.

कॅसेटमधली बॅटरी

सोन्याच्या रंगाच्या कॅसेटमध्ये 'द लेजंड ऑफ झेल्डा' १९८७ मध्ये अमेरिकेत आला, तेव्हा कॅसेटच्या आतच नाण्याएवढी लिथियम बॅटरी होती. खेळाची नोंद ठेवणाऱ्या मेमरीला ती कन्सोल बंद असतानाही वीज पुरवत राहायची. घरगुती कन्सोलवर हा मोठाच बदल होता. पण त्यासोबत एक विचित्र सूचना आली: बंद करताना आधी रीसेट दाबून धरा, मग पॉवर बंद करा. कारण वीज तुटताना व्होल्टेज डळमळतं, त्या क्षणी प्रोसेसर भरकटून मेमरीत काहीही लिहू शकतो. रीसेट दाबलेलं असलं की प्रोसेसर थांबलेला राहतो. घाईत निघालेल्या मुलाला हे कुठून आठवणार?

१९८८ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट ३' नं वहीतला मंत्र सोडून बॅटरी स्वीकारली. साहसाची नोंदवही पुसली गेली असेल तर खेळ सुरू होताच अंगावर येणारी एक धून वाजायची आणि नोंद गेल्याची वार्ता पडद्यावर यायची. त्या पिढीच्या जपानी खेळाडूंना ती धून आजही आठवते. मंत्राच्या काळात चूक आपल्या हस्ताक्षराची असायची, इथं चूक कुणाचीच नसून सगळं जायचं.

बॅटरीला आयुष्य असतं. १९९९ चे 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर' याचं ठळक उदाहरण आहेत. त्यांत दिवस-रात्र खऱ्या वेळेनुसार होत, म्हणून कॅसेटमधलं घड्याळही त्याच बॅटरीवर चालायचं आणि ती इतर कॅसेटच्या आधी संपायची. जुन्या कॅसेट जपून ठेवलेल्यांनी एक लक्षात घ्यावं: बॅटरी नुसती बदलली की मेमरीची वीज तुटते आणि उरलेली नोंदही जाते. आधी कॅसेट वाचणाऱ्या यंत्रानं ती नोंद कॉम्प्युटरवर उतरवावी, मग डाग देऊन नवी बॅटरी बसवावी आणि नोंद परत चढवावी.

सेव्ह बिघडतो कसा

पहिल्या प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डात १२८ किलोबाइट जागा होती, ती १५ ब्लॉकमध्ये वाटलेली. नवा खेळ सेव्ह करायला जुना कुठला पुसायचा, हा घरोघरी भावंडांतला वाद असायचा. सेव्ह होत असताना कार्ड काढू नका, कन्सोल बंद करू नका, ही ताकीद याच काळात सवयीची झाली. तिच्यामागचं कारण सरळ आहे. जुन्या नोंदीवरच नवी लिहिली जात असेल आणि मध्येच वीज गेली, तर अर्धी नवी, अर्धी जुनी अशी निरुपयोगी फाइल उरते.

यावर चांगला उपाय आहे आणि तो महागही नाही. नवी नोंद वेगळ्या जागी लिहायची, ती पूर्ण आणि बरोबर आहे याची खात्री करायची, मगच जुनीला निरोप द्यायचा. २००२ च्या 'पोकेमॉन रुबी' आणि 'सफायर' मध्ये दोन जागा आलटून पालटून वापरल्या जात. नवी बिघडली तर खेळ आधीची उघडायचा. थोडं मागे जावं लागायचं, पण सर्वस्व जायचं नाही. भारनियमनाच्या वर्षांत यूपीएस नसलेल्या कॉम्प्युटरवर खेळलेल्यांना याची किंमत कळेल. एवढी साधी काळजी असताना आजही एखादा खेळ ती घेत नाही, तेव्हा त्याला निष्काळजीपणाच म्हणायला हवं.

डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' च्या कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत सेव्ह फाइल ८ मेगाबाइटच्या वर गेली की बिघडायची. फाइल मोठी व्हायची ती जास्त खेळल्यानं. जे गल्लीबोळ पालथे घालत होते, वस्तू जमवत होते, नव्या वस्तू घडवत होते, त्यांचाच घात झाला. सुरुवातीला कंपनीचा सल्ला होता की जवळ कमी वस्तू ठेवा. काही दिवसांत आलेल्या अपडेटनं ८ मेगाबाइटची मर्यादा काढली, पण आधीच बिघडलेले सेव्ह त्यानं दुरुस्त होणार नव्हते. मला हे प्रकरण या सगळ्यात जास्त लागतं. खेळावर ज्यांनी सर्वाधिक जीव लावला, नेमका त्यांनाच फटका बसला.

कधी फाइल ठणठणीत असते, पण आतली गोष्ट अडकते. २००६ च्या 'झेल्डा: ट्वायलाइट प्रिन्सेस'च्या वी कन्सोलवरच्या आवृत्तीत तोफेच्या एका खोलीत ठरावीक वेळी सेव्ह करून खेळ बंद केला, तर परतल्यावर बाहेर पडायची वाटच उरत नसे. अशा वेळी वाचवतो तो जुना, वेगळ्या जागी ठेवलेला सेव्ह. म्हणून जिथं एकाहून जास्त स्लॉट आहेत तिथं आलटून पालटून दोन-तीन तरी वापरावेत.

मुद्दाम अडवलेला सेव्ह

१९९६ च्या 'रेसिडेंट इव्हिल'मध्ये सेव्ह करायला टाइपरायटर शोधावा लागायचा, आणि जवळ शाईची रिबन असावी लागायची. रिबनी मोजक्याच. त्यामुळे झपाटलेल्या वाड्यात पुढची खोली उघडायची की मागे फिरून सेव्ह करायचं, हा प्रत्येक वेळी खरा निर्णय असायचा. भीती राक्षसांइतकीच या हिशोबातून यायची. २०१४ च्या 'एलियन: आयसोलेशन'मध्ये तर भिंतीवरच्या यंत्रात कार्ड घातल्यावर सेव्ह व्हायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात पाठीमागून प्राणी येऊन मारू शकतो. ही योजना मला मनापासून आवडते. तिथं सेव्ह हाच खेळाचा भाग झालेला आहे.

मात्र या योजनेलाही पहिल्या मागणीचं उत्तर द्यावंच लागतं. २०१८ च्या 'किंगडम कम: डिलिव्हरन्स'मध्ये हवं तेव्हा सेव्ह करायला एक खास दारू लागायची, ती विकत घ्यायची किंवा बनवायची. विचारपूर्वक खेळावं, हा हेतू चांगला होता. पण उठायची वेळ आली आणि जवळ बाटली नसली तर काय? लोकांनी हेच विचारलं, आणि लवकरच सेव्ह करून बाहेर पडण्याची सोय दिली गेली. दारूची अट इतर वेळेसाठी तशीच राहिली.

मोकळा सेव्ह, आपोआप सेव्ह

दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरवरचे खेळ होते. एक बटण दाबलं की सेव्ह, दुसरं दाबलं की परत. सोय मोठी, पण मग माणूस दर पावलाला सेव्ह करू लागतो आणि मनासारखं होईपर्यंत तोच क्षण खेळत बसतो. २०१२ च्या 'एक्सकॉम: एनिमी अननोन'नं यावर नेटका मार्ग काढला. नशिबाचे आकडे सेव्हमध्येच साठवलेले असत, त्यामुळे मागे येऊन तीच गोळी झाडली तर निकालही तोच. ज्यांना याहून कडक हवं, त्यांच्यासाठी एकच सेव्ह असलेला वेगळा प्रकार ठेवला होता. निवड खेळणाऱ्याची.

'जीटीए: व्हाइस सिटी' २००३ मध्ये कॉम्प्युटरवर आला आणि आपल्याकडच्या सायबर कॅफेंत ठाण मांडून बसला. त्यात ठरलेल्या घरी जाऊनच सेव्ह करता यायचं, मोहिमेच्या मध्ये नाही. एकूण स्लॉट आठ आणि एका कॉम्प्युटरवर बसणारी मुलं कितीतरी. कालचा आपला सेव्ह आज दुसऱ्याच्या सेव्हखाली गाडला गेलेला असायचा. पण मोहीम फसली की हॉस्पिटलबाहेर एक टॅक्सी उभी असायची, तिच्यात बसलं की थेट मोहिमेच्या सुरुवातीला. बनवणाऱ्यांना खेळणाऱ्याच्या वेळेची कदर होती हे त्या टॅक्सीवरून कळतं.

आता बहुतेक खेळ आपोआप सेव्ह करतात. २०११ च्या 'डार्क सोल्स'मध्ये तर खेळ अखंड नोंद ठेवतो. त्यामुळे चूक मागे घेता येत नाही, पण कधीही उठता येतं. दोन्ही मागण्यांचं इतकं स्वच्छ उत्तर क्वचितच दिसतं. मात्र ऑटोसेव्ह चुकीच्या क्षणी झाला, म्हणजे मरणाच्या दारात किंवा न टाळता येणाऱ्या पाच मिनिटांच्या दृश्याच्या आधी, तर प्रत्येक पराभवानंतर तेच दृश्य पाहावं लागतं.

फोनवर खातं म्हणजेच सेव्ह

आपल्याकडे आज बहुतेकांचा खेळ फोनवर आहे आणि तिथं प्रगती कंपनीच्या सर्व्हरवर असते. बटण नाही, फाइल नाही. वीज गेली, फोन बंद पडला तरी फरक पडत नाही. पण 'गेस्ट' म्हणून खेळलं आणि फोन हरवला, तर ती प्रगती आपली होती हे सिद्ध करणं कठीण होऊन बसतं. म्हणून नवा खेळ घेतल्यावर पहिल्याच दिवशी तो एखाद्या कायमच्या खात्याशी जोडावा.

सप्टेंबर २०२० मध्ये 'पबजी मोबाइल'वर भारतात बंदी आली आणि ऑक्टोबरअखेर त्याचे सर्व्हर इथल्या खेळाडूंसाठी बंद झाले. वर्षानुवर्षं जमवलेली पदं, पोशाख, पैसे देऊन घेतलेल्या वस्तू एका तारखेला हाताबाहेर गेल्या. जुलै २०२१ मध्ये त्याचीच भारतासाठीची आवृत्ती 'बीजीएमआय' आली, तेव्हा ज्यांचं जुनं खातं सोशल मीडियाच्या खात्याशी जोडलेलं होतं त्यांना जुनी माहिती नव्या खेळात आणता आली.

विकत घेण्याआधी कळायला हवं

दीर्घ आजार असलेला माणूस, हात लवकर दुखणारा माणूस, लहान मूल सांभाळणारी आई: यांच्यासाठी हवं तेव्हा उठता येणं ही खेळता येण्याची अटच असते. २०२५ मध्ये या बाबतीत दोन गोष्टी घडल्या. काही मोठ्या कंपन्यांनी मिळून खेळांवर लावायच्या २४ खुणांची यादी जाहीर केली, आणि स्टीम या दुकानानंही खेळांच्या पानांवर अशाच नोंदी सुरू केल्या. दोन्हींत 'सेव्ह एनीटाइम' ही खूण आहे. तिची गणना अवघडपणा कमी-जास्त करण्याच्या सोयीसोबत, सुगमतेच्या सुविधांमध्ये केलेली आहे. लांबलचक खेळाला पैसे मोजण्याआधी ती खूण आहे का, ते पाहून घ्यावं.